चाड्यावरची मूठ : ग्रामीण कसबांच्या मराठी नोंदींविषयी

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मराठीत खेड्याविषयी ज्याने ज्याने काही गंभीर लिहिले, त्याने हे पुस्तक उघडले आहे, निदान उघडल्याचे दाखवले तरी आहे. बारा बलुतेदारांची यादी द्यायची, थोरली-मधली-धाकटी ओळ सांगायची, 'कारू-नारू' हा शब्द एकदा वापरायचा, की लेखाला वजन येते. वजन खोटे नाही. इतक्या बारकाईने गावाचा हिशेब मांडणारे दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही. पण माझा प्रश्न थोडा निराळा आहे. सुतार शेतकऱ्याकडून काय घेतो ते आत्र्यांनी लिहिले, त्याबदल्यात काय देतो ते लिहिले, कुठे कुचराई करतो तेही लिहिले. तो माणूस सुतार झाला कसा, हे कुठे लिहिले आहे?

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. सोलापूरहून पुण्याकडे जाताना बाळे, केगाव, कोंडी मागे पडले की चिंचोळीची एमआयडीसी लागते. चिंचोळी काटी हे मूळ गाव मोहोळ तालुक्यातले. अलीकडे पाकणीच्या इंधन डेपोंचे टँकर, पलीकडे सावळेश्वर, मग सीनेकाठचे, चिवड्यासाठी प्रसिद्ध असलेले लांबोटी. या पट्ट्यातल्या गावांत मी गेली चार-पाच वर्षे औतांच्या भागांची नावे गोळा करत फिरतो आहे. शेतीशास्त्राची किंवा समाजशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वही आहे आणि वेळ आहे. नावे गोळा करता करता लक्षात आले, की नाव सांगणारी माणसे बरीच आहेत, वस्तू करून दाखवणारी थोडी, आणि ती शिकवू शकणारी त्याहून थोडी. कारागीर आणि शिक्षक ही एकच व्यक्ती असते, असे आपण गृहीत धरले आहे. ते तपासून पाहायला हवे.

आत्र्यांकडे परत येतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने गावोगाव फिरलेला, कागदपत्रे वाचलेला हा लेखक. त्यांची सहानुभूती उघडपणे कुणब्याच्या बाजूने आहे. खळ्यावर रास पडली की कोण कोण पदर पसरून उभे राहते, किती शेर-पायल्या जातात, फिरस्ते कोणत्या सोंगाने काय उपटतात, याचा त्यांना मनापासून राग आहे. बलुतेदारीविषयी त्यांचा मुख्य आक्षेप असा, की हक्क वंशाने मिळतो म्हणून काम चांगले करण्याची निकड राहत नाही. सुताराचा मुलगा सुतारच होणार आणि गावाने त्याच्याकडेच जायचे. मग त्याने हात सुधारायचा कशासाठी? शंभर वर्षांपूर्वी हे लिहायला धैर्य लागत होते. आज खेड्यातल्या स्वयंपूर्णतेची जी गोड चित्रे दिवाळी अंकांतून काढली जातात (याही अंकात एखादे असेल), त्यांच्यावर हे पुस्तक अजूनही चांगला उतारा आहे.

पण आत्र्यांची जागा खळ्यावर आहे. ते देणाऱ्याच्या बाजूला उभे राहून घेणाऱ्याकडे बघतात. सुताराच्या पडवीत ते बसत नाहीत. वाकस कसा धरतात, बाभळीचे लाकूड कधी तोडायचे, किती दिवस सुकू द्यायचे, कोणता बाक जुवाला चालतो आणि कोणता रुमण्याला, हे 'गाव-गाड्या'त शोधू नये. त्यामुळे त्यांचा आक्षेप अर्धा बरोबर ठरतो. वंशाने हक्क मिळतो हे खरे, पण कसब वंशाने मिळत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने, हात कापून घेत, शिकावे लागते. हक्क आणि कसब या दोन गोष्टी आत्र्यांच्या मांडणीत एक झाल्या आहेत, आणि त्यांच्या नंतरच्या लेखकांनी त्या तशाच उचलल्या.

या गोष्टी वेगळ्या करणारा लेखक आत्र्यांच्या आधी होऊन गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीची तोंडओळख असावी अशी मागणी केली. पुढच्या वर्षीच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते आणखी पुढे गेले. शेतकऱ्याच्या मुलाने लिहिण्या-वाचण्याची परीक्षा द्यावी, साधारण सुतारकी-लोहारकीत हात दाखवावा, औत हाकून दाखवावे आणि त्यात उतरेल त्याला गावची पाटीलकी मिळावी, असा त्या सूचनेचा मथितार्थ आहे. या सूचनेत दोन स्फोटक गोष्टी आहेत. पाटीलकी जन्माने मिळू नये, परीक्षेने मिळावी, ही पहिली. ती सगळ्यांना दिसते. दुसरीकडे फारसे कुणी बघत नाही. सुतारकी-लोहारकी ही परीक्षा घेण्याजोगी, म्हणजे शिकवण्याजोगी, म्हणजेच कोणत्याही घरातल्या मुलाला येऊ शकेल अशी गोष्ट आहे, असे फुले गृहीत धरतात. ज्या समाजात वाकस कुणी हातात घ्यायचा हे जन्माने ठरत होते, तिथे हे गृहीतक साधे नव्हते. फुल्यांची ही सूचना कुणी अमलात आणली नाही. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६८ साली झाले. त्याच्या पदवीधरांना अखेरच्या वर्षी खेड्यात राहून कार्यानुभव घ्यावा लागतो, हे चांगलेच आहे. त्या काळात गावात गेलेली मुले बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवतात आणि फोटो काढतात. औत हाकून दाखवण्याची परीक्षा त्यांची कुणी घेत नाही.

आता सोलापूरकडे वळतो, कारण कोरडवाहू शेतीचे लिखित ज्ञान ज्या थोड्या गावांत तयार झाले, त्यांत हे एक आहे. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. १९२१ च्या दुसऱ्या अभ्यासात त्यांच्याबरोबर ना. वि. कानिटकर होते. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनातले मोठे नाव झाले. सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ चे. बांधबंदिस्ती, कमी बियाणे, ओळींत जास्त अंतर, वरचेवर कोळपणी या शिफारशी त्या काळातल्या कामातून निघाल्या आणि आजही रब्बी ज्वारीच्या घडीपत्रिकेत त्याच आहेत: पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, हेक्टरी १० किलो बियाणे, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, खत आणि बी एकाच वेळी पडावे म्हणून दोन चाड्यांची पाभर. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्यात दातेरी कोळप्याने. काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात, त्या मातीने बुजवायच्या आणि वर भुसभुशीत थर ठेवायचा, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे इकडे म्हणतात ते यामुळेच.

या घडीपत्रिकांची मी थट्टा करणार नाही. त्यातले प्रत्येक वाक्य कुणीतरी वर्षानुवर्षे मोजून लिहिले आहे. पण एक वाक्य घेऊन बघा: 'वापसा आल्यावर पेरणी करावी.' वापसा आला हे कसे ओळखायचे? ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी वाक्य पुरे आहे. ज्याला नाही त्याच्यासाठी ते निरुपयोगी आहे. कोंडीच्या एका म्हाताऱ्याने मला मूठभर माती दाबून तिचा गोळा करायला लावला. मग तो कमरेइतक्या उंचीवरून सोडायला सांगितला. फुटला, पण पीठ झाला नाही. "आता बगा, पायाला लागतीया का?" तळव्याला माती चिकटत होती. "मग उद्या. दुपारनंतर." ही तीन वाक्ये कोणत्याही घडीपत्रिकेत बसली असती. ती तिथे नाहीत याचे कारण एवढेच, की घडीपत्रिका लिहिणाऱ्याला ती सांगण्याची गरज वाटली नाही. शेतकऱ्याला हे येतेच, असे धरून चालले. १९३३ मध्ये ते धरून चालणे बरोबर होते.

यापेक्षा मोठा प्रश्न तिफणीचा. तिफण म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो, कारण शहरात वाढलेल्या वाचकाने ती गाण्यात ऐकलेली असते, पाहिलेली नसते. आडवे जाड लाकूड, ते दिंड. त्यात तीन फण ठोकलेले, प्रत्येकाच्या टोकाला लोखंड. फणांच्या मागे भोके, त्यांत बांबूच्या तीन नळ्या. या नळ्या वर एकत्र येतात आणि त्यांच्या माथ्यावर लाकडी वाटी बसते; ते चाडे. त्याच्या तळाला तीन भोके. बैलांपर्यंत जाणारे लांब लाकूड ते इसाड, पुढे जू. पेरणारा मुठीतले बी चाड्यात सोडत चालतो आणि तीन ओळी एकदम पेरल्या जातात. मधली एखादी ओळ वेगळ्या बियाची हवी असेल, तर मागे दोरीने वेगळी नळी बांधायची, ते मोघण.

हे सगळे सुताराचे, लोहाराचे आणि दोरखंड वळणाऱ्या मांगाचे काम. फण दिंडात सरळ ठोकले तर ते जमीन खरवडतात. फार कलते ठोकले तर बैल दमतात आणि बी खोल जाते. ज्वारीचे बी दोन इंचांच्या आसपास ओलीत पडावे लागते. वर पडले तर सुकते, फार खोल गेले तर कोंब वर येताना दम टाकतो. म्हणजे त्या एका कोनावर हंगाम अवलंबून. शिवाय शेतात उतरल्यावर जुवाचा दोर एक पीळ इकडे-तिकडे करून खोली बदलता येते. हे काम औत हाकणाऱ्याचे. आणि चाड्यावरची मूठ हे तिसरे काम. अंगठा आणि दोन बोटे यांच्यातून बी सुटत राहिले पाहिजे, बैलांच्या चालीशी जुळवून, तिन्ही भोकांत सारखे. बैल ढेकळावर अडखळला तर मूठ त्याच क्षणी थांबायला हवी. या पट्ट्यात अनेक घरांत ही मूठ बायकांकडे होती. 'हेक्टरी १० किलो' ही शिफारस पाळणारे यंत्र म्हणजे त्या बायकांची तीन बोटे.

मराठीत याची नोंद कुठे आहे? शब्दांची आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) औतांच्या भागांचे शब्द इतके आहेत, की मला अनेकदा त्याचाच आधार घ्यावा लागला. एका इंग्रज लष्करी माणसाने आणि त्याच्या हाताखालच्या शास्त्रीमंडळींनी हे गोळा केले, याचे मला अजून नवल वाटते. पण कोश वस्तूचे नाव सांगतो. ती करण्याची रीत सांगत नाही. तो त्याचा धर्मही नाही.

कथा-कादंबऱ्यांत काय सापडते? थोडक्यात सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शिकवणारा मास्तर बाहेरून येतो, आणि ज्या धनगरांना तो शिकवायला येतो त्यांच्याकडचे मेंढरांचे ज्ञान पुस्तकात ठायी ठायी दिसते. मास्तर ते शिकत मात्र नाही, तो ते पाहतो. आनंद यादवांचा 'गोतावळा' (१९७१) या बाबतीत जास्त आतला आहे. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि नारबा नावाच्या गड्याच्या हातातले सगळे ज्ञान एका हंगामात बिनकामाचे होते. मला ही मराठीतली कौशल्यहानीवरची सर्वांत चांगली कादंबरी वाटते. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी मात्र तिला माणूस-निसर्ग नात्याची कादंबरी करून टाकले. नारबा गडी आहे, मालक नाही, हा मुद्दा त्यात हरवतो. ज्ञान गड्याच्या हातात आणि निर्णय मालकाच्या तोंडात, ही कादंबरीची खरी गाठ आहे.

आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८). ग्रामीण कसबांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक 'गाव-गाड्या'च्या शेजारी ठेवून वाचावे. आत्रे खळ्यावर देणाऱ्याच्या बाजूला उभे आहेत. पवार मागणाऱ्याच्या बाजूचे आहेत. जो शब्द आत्र्यांना शेतकऱ्यावरचा बोजा वाटतो, तोच पवारांना अंगावरचा डाग वाटतो. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. मधल्या तीस वर्षांत हजारो घरांनी ठरवून, जाणूनबुजून, परंपरागत काम सोडले. दोर वळणे सोडले, मेलेले ढोर ओढणे सोडले, कातडे कमावणे सोडले. ते कसब हरपले म्हणून आज हळहळणाऱ्याने आधी हे समजून घ्यावे, की काही कसबे हरवली नाहीत, ती टाकून दिली गेली. टाकणाऱ्यांना तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता. मोटेचा नाडा आता कुणाला वळता येत नाही असे म्हणत एक गृहस्थ माझ्याजवळ उसासे टाकत होते. त्यांच्या घरी सात पिढ्यांत कुणी दोर वळला नव्हता. मी त्यांना केकताडाच्या पात्या आणून देण्याची तयारी दाखवली. विषय बदलला.

शाळेतून हे शिकवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याची शिक्षण परिषद २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरली. तिच्यातून नयी तालीम निघाली, आणि पुढे मुंबई राज्यात मूलोद्योगाच्या शाळा. टकळी हातात आली. पण तिच्यावर काढलेले सूत कुणाला हवे होते? ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, ती करायला शिकवण्याचा धडा मुले चार दिवसांत ओळखतात. आमच्या पिढीला ते 'कार्यानुभव' नावाने भेटले. आमच्या शाळेत त्या तासाला घोटीव कागदाची फुले होत असत, आणि साहेब येणार असले की व्हरांडा झाडणे.

या सगळ्यात वेगळे उठून दिसते ते शिरूर तालुक्यातल्या पाबळचे काम. डॉ. श्री. शे. कलबाग अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले. १९८३ साली त्यांनी या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलामुलींनी वर्षभर राहायचे आणि वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे सगळे हाताने करत शिकायचे. महत्त्वाचे म्हणजे गावाला लागणारे खरे काम, दाम घेऊन करायचे. टकळीपाशी जे हुकले होते ते कलबागांनी नेमके पकडले: शिकणाऱ्याच्या हातून निघालेली वस्तू कुणीतरी विकत घेतली पाहिजे. कोणत्याही घरातले मूल सगळी कामे करते, त्यामुळे काम आणि जात यांची गाठ आपोआप सुटते. फुल्यांच्या परीक्षेच्या इतके जवळ महाराष्ट्रात दुसरे कुणी गेल्याचे मला माहीत नाही. माझी एकच कुरकूर आहे. तिथे जे शिकवले जाते ते ग्रामीण आहे, पण पारंपरिक फारसे नाही. वापसा, मूठ, फणाचा कोन या गोष्टी अभ्यासक्रमात आणायच्या तर आधी त्या कुणीतरी लिहून काढायला हव्यात, आणि ते काम आश्रमाचे नाही, आमच्यासारख्यांचे होते.

आता सरकारी योजनेकडे. पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चांभार, शिंपी, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू विणणारे वगैरे. ओळखपत्र आणि प्रमाणपत्र, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, पुढे हवे तर १५ दिवसांचे, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख रुपये कर्ज. कारागिराला सरकारने कारागीर म्हणून कागदावर ओळखले, ही गोष्ट लहान नाही. १५ हजारांत ग्राइंडर आणि ड्रिल येते, त्याचा उपयोगच होतो.

पण योजनेचा मसुदा टीकाकाराच्या नजरेने वाचला की काही गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे पात्रतेतली 'कुटुंबाधारित परंपरागत व्यवसाय' ही भाषा आणि तिच्या शेजारी ठेवलेली 'गुरु-शिष्य परंपरा'. या दोन्ही एकच आहेत असे तिथे सुचवले आहे. त्या एक नाहीत. गुरू शिष्य निवडतो; बाप मुलगा निवडत नाही. शंभर वर्षांपूर्वी आत्र्यांनी ज्या वंशपरंपरेला नावे ठेवली आणि १९५८ च्या कायद्याने ज्यातला एक भाग मोडून काढला, ती पुन्हा कौतुकाच्या शब्दांत परत आलेली दिसते. परीटाच्या मुलीला लोहारकाम शिकायचे असेल, तर या कागदात तिची जागा कुठे आहे? दुसरी गोष्ट मुदतीची. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा असतो. चिंचोळीच्या कारखान्यांना तसाच माणूस लागतो आणि ते त्याला शिकाऊ म्हणून घेतात. मग लोहाराला पाच दिवस का? उत्तर उघड आहे: त्याला येतेच, असे धरले आहे. घडीपत्रिकेतला वापसा आणि हे एकाच जातीचे गृहीतक. आणि तिसरी गोष्ट, यादीत विणकर नाही, कारण हातमागाच्या योजना वेगळ्या आहेत. आणि पेरणी करणारी बाई नाही, कारण तिची मूठ हा व्यवसायच मानला जात नाही.

कसब कुणाचे आणि कुणाच्या नावावर लागते, याचे एक उलटे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी द्राक्षबागेत एका वेलीवरची वेगळी फांदी हेरली, ती जोपासली आणि त्यातून 'सोनाका' हे वाण आले. सोलापूर, नान्नज, काळे यांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. मोहोळच्या मातीत निवडलेल्या एम ३५-१ या ज्वारीच्या पोटात मात्र ज्या असंख्य घरांनी मालदांडीची कणसे पिढ्यान् पिढ्या निवडून ठेवली, त्यांतल्या एकाचेही अक्षर नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते गावाच्या नावाला. कणीस निवडणारी नजर द्राक्ष निवडणाऱ्या नजरेपेक्षा कमी नव्हती. द्राक्षाला बाजार होता.

एमआयडीसीत आणि तिच्या लगत हमरस्त्याला पत्र्याच्या शेडांमधून छोट्या ट्रॅक्टरची पेरणीयंत्रे तयार होतात. त्यातल्या एका शेडचा मालक पन्नाशीचा, घराणे सुताराचे. लाकडाचे काम त्याने वीस वर्षांपूर्वी सोडले. आता चॅनेल कापतो, वेल्डिंग करतो. खंडेनवमीला वाकस आणि वेल्डिंग मशीन दोघांनाही झेंडू वाहतो. मी त्याला विचारले, फणाचा कोन कसा ठरवता? त्याने भिंतीवरून जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून दिला. आजोबांच्या तिफणीचा फण त्याने पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवला होता. लोखंडी दांते त्याच पुठ्ठ्याला लावून तो वाकवतो. "बापानं शिकीवलं न्हाई मला कधी. निस्तं 'धर' म्हनायचा, 'दाब' म्हनायचा. चुकलं की थप्पड. म्या हे पोरांसाठी काढून ठेवलं." पोरे म्हणजे शेडमधले कामगार. दोघे आसपासच्या गावांतले आणि एक बिहारचा. सुतार त्यांतला एकही नाही.

माझ्या चार वर्षांच्या वहीत या पुठ्ठ्याच्या तोडीची दुसरी नोंद नाही. 'गाव-गाडा', मोल्सवर्थ, कानिटकर आणि केंद्राची योजना या चारांनी मिळून जे लिहिले नाही, ते या माणसाने एका पेन्सिलीच्या रेघेत लिहिले. जातीच्या घरातून कोन बाहेर काढला आणि भिंतीला टांगला. ज्याला हवा त्याने लावून बघावा. परंपरेचे जतन म्हणून कुणी याचा फोटो काढणार नाही, कारण तो पुठ्ठा एका टॉवेलच्या खोक्याचा आहे.

मूठ अशी गिरवता येत नाही. टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये घडी-पॅकिंगला जाणाऱ्या एका बाईंनी मला ती दाखवली. वय त्यांच्या मते "साठाच्या आत". सासूमागे सात-आठ वर्षे त्या पेरत होत्या. बैल विकले तेव्हा ते थांबले. चाडे नव्हते म्हणून त्यांनी स्टीलची वाटी घेतली, तळहातावर ज्वारी घेतली आणि अंगणात चालू लागल्या. पहिली काही पावले बी गठ्ठ्याने पडले. मग चाल लागली आणि दाणे एकसारखे सुटू लागले. त्यांची सून मोबाईलवर चित्रण करत होती. चित्रणात हात दिसतो, पण चाल पायांत आहे आणि पाय चौकटीत नाहीत. मी सुनेला पुन्हा काढायला सांगितले, या वेळी लांबून. सुनेने मोबाईल माझ्या हातात दिला आणि वाटी स्वतः घेतली. तिला दहा पावलेही जमले नाही. "बोटं बघू नगंस," सासूबाई म्हणाल्या, "बैल बघ." बैल तिथे नव्हता. त्यांनी स्वतःच पुढे चालून बैलाची चाल धरली आणि सून मागे.

शिकवण्याची ही रीत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही, आणि पाच दिवसांच्या वर्गात ती कशी बसवायची हे मला सांगता येणार नाही. माझा हिशेब असा, की रब्बीचा एक हंगाम, म्हणजे सप्टेंबरच्या वापशापासून फेब्रुवारीच्या काढणीपर्यंत, हे या कसबांचे सर्वांत लहान माप आहे. त्याहून कमी मुदतीत फणाचा कोन बरोबर होता की चूक हे कळायलाच वाव नाही, कारण उत्तर जमिनीतून यायचे असते. दिवसाला ५०० रुपये शिकणाऱ्याला देता येतात तर तेवढेच शिकवणाऱ्याला, त्या बाईंना आणि त्या शेडवाल्याला, एका हंगामासाठी देता येतील. आणि शिकणाऱ्याचे आडनाव विचारण्याची गरज नाही. शेडवाल्याला मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, पैशाचं बघू, पण दसरा होईपर्यंत काही विचारू नका. पेरणीयंत्रांच्या ऑर्डरी आहेत, आणि तोवर पोरांना तो पुठ्ठा खाली ठेवायलाही फुरसत नाही.